उजव्या बाजूला

पेटी क्रमांक एकोणचाळीस.
वर्तमानपत्राच्या चुरगळ्यात एका बाईची नडगी.
वय साडेतीन हजार वर्षं,
पण हा आकडा मी पेन्सिलीनं लिहिते, शाईनं नाही.
घोट्याजवळ, सांध्याच्या अगदी काठाला
तांदळाएवढी खळी:
उकिडवी बसायची ती.
चुलीपाशी, पाट्यापाशी, पाण्याशी,
कुणाशी भांडतानासुद्धा.
घोट्यानं सगळं लिहून ठेवलं.

धैर्यशीलदादा विचारायचा,
"माझ्या हाडांत काय सापडेल गं तुम्हा लोकांना?"
रावपुऱ्यातल्या बँकेत छत्तीस वर्षं.
खुर्च्या बदलल्या, तो नाही.
सकाळी सेव-उसळ, रात्री दुधात साखर,
गोळी जेवणाआधीची, गोळी जेवणानंतरची,
आणि जिलेबी झालीच तर एक जास्तीची,
स्वतःच्या हिशेबानं.
मी म्हणायचे, "आधी दात चुगली करतील.
मग पायाचा अंगठा, उंदरानं कुरतडल्यासारखा.
मग कवटीच्या मागे, फोनमध्ये वाकून वाकून
फुटलेलं नखाएवढं शिंग."
"म्हणजे बैलच की," तो हसायचा.

मग एकदा पाठ धरली.
त्याचा एक्स-रे मी स्वयंपाकघराच्या खिडकीला धरला,
मागे तारेवर टॉवेल हलत होता.
मणक्यांच्या उजव्या अंगानं
मेणबत्ती ओघळावी तसं हाड ओघळलेलं,
एका मणक्यावरून दुसऱ्यावर,
दुसऱ्यावरून तिसऱ्यावर.
साखर, वजन, वय. बहुतेक.
('बहुतेक' हा शब्द आमच्या खात्यात कायम नोकरीला आहे.)
डावी बाजू मात्र लख्ख.
"इकडे का नाही?"
इकडून मोठी रक्तवाहिनी जाते, दादा.
म्हणतात, जिथं सतत ठोका पडतो
तिथं हाडाला गोठायला सवड मिळत नाही.
यावर तो काहीच बोलला नाही.
छातीवर हात ठेवून बसून राहिला,
सुटायच्या बसमध्ये बसावं तसा.

तिसऱ्या दिवशी खासवाडीला
राख विझवून ठेवलेली.
हात भटजी सांगतील ते वेचत होते,
डोळे कामावर रुजू झाले होते.
हा खुब्याचा. हा कवटीचा.
आणि हे दोन मणके,
आगीतही एकमेकांना न सोडलेले.
"काय बघताय?" वहिनी म्हणाली.
"काही नाही."

राख चाळणारा पोरगा माझ्यासमोर आला,
"बेन, आ लई जवानुं के रहेवा दऊं?"
त्याच्या तळहातावर दादाचा डावा गुडघा,
धातूचा, काळवंडलेला,
आतल्या अंगाला कोरलेला क्रमांक.
आयुष्यभर मी हाडांवर क्रमांक घालत आले.
हा एवढा आयता मिळाला.

चांदोदला नर्मदेत मडकं पालथं केलं.
जोडलेले मणके आधी बुडाले,
किंवा मला तसं वाटलं.
आम्ही आमची पानं वाचायच्या आधीच जाळतो.
तेव्हा साडेतीन हजार वर्षांनी कुणी हे शहर खणलं
तर सेव-उसळ सापडणार नाही, खुर्ची नाही,
ती जास्तीची गोळी नाही.
सापडतील नुसते गुडघे.
ते लोक लिहितील: इथे गुडघ्यांची एक जमात राहत असे,
प्रत्येकाला नंबर होता.
पेन्सिलीनं लिहोत, म्हणजे झालं.

आज पेटी बंद करायच्या आधी
प्रयोगशाळेचं दार लोटून घेतलं
आणि उकिडवं बसून पाहिलं.
टाचा टेकेनात. टेबलाचा पाय धरला.
तिची नडगी माझ्या डोळ्यांच्या उंचीवर,
खळी माझ्याकडे.
किती वेळ गेला, कोण जाणे.
उठताना गुडघा असा वाजला
की बाहेरून पटणीभाईंनी हाक दिली,
"शुं पड्युं, बेन?"